हॉटेलच्या फळीवर राहिलेला गडवा

मित्रांनो, तुम्ही पुण्याची मुलं मला गडू म्हणाल. आमच्या भंडाऱ्याकडे मला गडवा म्हणतात. पितळेचा, गोल पोटाचा, गळ्याशी एक पोचा पडलेला जुना गडवा, तो मी. माझ्यासारखं कुणी तुमच्या घरात असलंच तर ते माळ्यावर असेल, नाहीतर टीव्हीशेजारी मनीप्लांट पोटात घेऊन उभं असेल. माझं जरा वेगळं झालं. मला एकदा घरच्यांबरोबर हॉटेलात जेवायला नेलं, आणि जेवून सगळे परत आले तेव्हा मी त्यांच्यात नव्हतो. ती गोष्ट सांगताना अजून माझी मान खाली जाते. तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म भंडाऱ्याच्या एका कारखान्यात झाला. कारखाना कसला, दोन भट्ट्या आणि ठोक्यांचा आवाज. पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. माझं पोट वेगळं घडलं, गळा वेगळा घडला आणि मग डाग देऊन दोघांना जोडलं. आतून चकचकीत कल्हई केली. दुकानाच्या फळीवर मी फार दिवस राहिलो नाही. एका सकाळी एक माणूस घाईघाईने आला आणि म्हणाला, "भाच्याचं उष्टावण आहे. गडवा द्या, अन् त्यावर नाव घालून द्या."

आमच्याकडे भांडं भेट द्यायचं तर त्यावर नाव घालतात. नाव घालणारे आजोबा बारीक छिन्नीने टिकटिक करत अक्षरं उमटवत होते आणि मामा सारखे म्हणत होते, "लवकर घाला हो, यष्टी सुटते माझी." त्या घाईत 'चि. आनंद' या नावातलं टिंब इतक्या जोरात बसलं की तिथे खळगाच पडला. आजोबा म्हणाले, "राहू द्या. पोरगं मोठं झालं की बोट लावून ओळखेल."

तसंच झालं. आनंदने आयुष्यात पहिला शब्द वाचला तो माझ्या पोटावर. त्या खळग्यावर बोट ठेवून तो ओरडायचा, "आई, हे मी!"

त्याची आई इंदुबाई. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी खरा ओळखला तो तिचाच हात. आनंद वर्षा-दीड वर्षाचा असताना त्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे झाले, पोर मान टाकून पडलं. औषध चालू होतं. वडील ज्ञानदेव राइसमिलमधली पाळी सोडून दवाखान्यात उभे होते. इंदुबाई घरी देवापुढे बसली आणि म्हणाली, "याला उठव. मी जगेन तोवर तुझ्यापुढे ठेवलेलंच पाणी पिईन. दुसऱ्या पाण्याने तोंड ओलं करणार नाही." पाणी ठेवायला तिने हात पुढे केला, तर हातापाशी मी होतो.

पोर उठलं. ज्ञानदेव म्हणायचे डॉक्टरांच्या औषधाने उठलं, इंदुबाई म्हणायची देवाने उठवलं. दोघं यावरून कधी भांडले नाहीत. पण नेम सुरू झाला तो झालाच. रोज पहाटे आंघोळ करून ती मला चिंचेने घासायची, ताजं पाणी भरायची, तुळशीचं पान टाकायची आणि देवापुढे ठेवायची. पूजा झाली की ते पाणी तिचं. तोंड न लावता, मान मागे टाकून, वरून धार धरून प्यायची. एक थेंब सांडायचा नाही. आनंदही तसंच प्यायला बघायचा आणि दर वेळी सदरा भिजवायचा. इंदुबाई म्हणायची, "सांडलं बघ, बाबू."

ती जिथे गेली तिथे मी गेलो. लग्नाला, बारशाला, माहेरी. तोंडावर वाटी पालथी घालायची, वरून धुतलेला रुमाल घट्ट बांधायचा आणि मला मांडीवर घेऊन यष्टीत बसायचं. पंगतीत माझ्याकडे कुणी वळूनही बघत नसे. वळलंच तर वाढणारा विचारायचा, "काकू, तुमचं पाणी आणलं ना? बरं बरं." कुणी एकभुक्त असायचा, कुणी पंगतीत मौन धरून जेवायचा, कुणी केळीच्या पानाशिवाय जेवत नसे. प्रत्येकाचं काहीतरी असायचं, आणि लोक एकमेकांचं सांभाळून घ्यायचे. मला वाटायचं, जगभर असंच असतं.

पुढे ज्ञानदेव गेले. आनंद शिकून पुण्यात संगणकाच्या कंपनीत लागला होता, त्याचं लग्न झालं होतं, मुलगी झाली होती. त्याने आईला पुण्याला आणलं. अशा रीतीने मी बिबवेवाडीत सहाव्या मजल्यावर राहायला आलो.

सून पूर्णिमा मनाने चांगली. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "आई, देवापुढे फिल्टरचंच पाणी भरा हं. टाकीचं नको." इंदुबाईने ते ऐकलं. देवाला फिल्टरचं चालतं. नात सोनू पाचवीत. तिला माझा आकार आवडायचा. ती मला उलटा धरून माझ्या पोटात आपलं तोंड बघायची आणि खदखदून हसायची.

पूर्णिमाचे आईवडील पुण्याचेच. त्यांचं गाव आता शहरात आलं आहे. शेतं होती तिथे इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या काही त्यांनीच उभ्या केल्या. वडील रणजितराव मोठ्या आवाजाचे, मोकळे. आई विजयमाला शांत. रणजितरावांच्या मनात काही नसतं, पण त्यांच्यासमोर आनंद जरा आखडूनच बसतो. राइसमिलच्या कामगाराचा मुलगा ही गोष्ट त्यांना माहीत होती. तरी ती पुन्हा पुन्हा समोर येऊ नये असं त्याला वाटायचं. हे मी त्याच्या बसण्यावरून ओळखलं. ज्याच्या नावाचा खळगा आपल्या पोटावर आहे, त्याचं एवढं तरी कळतंच.

रणजितरावांच्या एकसष्टीचं जेवण एका नव्या हॉटेलात ठरलं. निघण्याआधी आनंद आईच्या खोलीत आला. मी कोनाड्यातल्या देवांपुढे भरून ठेवलेला होतो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, आज तेवढा गडवा राहू दे हं. तिथे बाटलीचं पाणी मिळतं. पूर्णिमाचे मम्मी-पप्पा आहेत, दिसायला बरं नाही दिसत."

"बरं, बाबू," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती बराच वेळ पलंगावर बसून राहिली. मग उठली, वाटी पालथी घातली, रुमाल बांधला, मला कापडी पिशवीत उभं केलं आणि वरून शाल टाकली. मित्रांनो, तिला मुलाला फसवायचं नव्हतं. तिला मुलाचं मनही राखायचं होतं आणि देवाला दिलेला शब्दही. कुणाचं लक्ष नसताना पदराआड दोन घोट प्यायचे आणि मला परत पिशवीत ठेवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

हॉटेलात शिरलो आणि मी शालीच्या फटीतून बघतच राहिलो. भिंतीवर बैलगाडीचं चाक. कंदील. फेटे बांधलेले वाढपी. वरून दोरीने टांगलेले पितळी तांबे, प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडून आत दिवा लावलेला. आणि आमच्या टेबलामागच्या भिंतीवर एक लांब फळी, तिच्यावर ओळीने गडू, कळश्या, लोटे. सगळे माझ्याच जातीचे. मला इतका आनंद झाला! मनात म्हटलं, उगाच घाबरला आनंद. इथे तर आपलेच लोक आहेत.

"अवो विहीणबाई, बसा निवांत," रणजितराव म्हणाले. "एकदम गावाकडचं वातावरण हाय बघा. मुद्दाम तुमच्यासाठी हे हाटेल निवडलंय."

"छान आहे हो," इंदुबाई हळूच म्हणाली. खुर्ची जड होती, तिच्याच्याने पुढे ओढवेना. वाढप्याने मागून ती ढकलली तेव्हा ती दचकली. मग तिने सवयीने टेबलाखाली चपला काढल्या आणि पाय वर घेऊन मांडी घातली. पायात चपला घालून ती कधी जेवलेलीच नाही.

आनंद तोंड न हलवता म्हणाला, "आई, पाय खाली."

तिने पाय खाली घेतले. ते फरशीला पुरेनात, लोंबत राहिले. चपला मात्र तिने घातल्या नाहीत.

"सोनू, हे स्टार्टर म्हणजे काय गं?" तिने विचारलं.

"जेवणाआधीचं जेवण, आजी."

"मग जेवण कधी?"

सोनू हसली. विजयमालाही हसल्या, प्रेमानेच. पण आनंदचे कान लाल झाले.

तेवढ्यात वाढप्याचा पाय एका चपलेला लागला आणि ती घसरत थेट पलीकडच्या टेबलाखाली गेली. तिथल्या एका गृहस्थांनी ती बुटाच्या टोकाने बाहेर सरकवली आणि खणखणीत विचारलं, "ही पादुका कुणाची म्हणायची?"

सगळं हॉटेल हसलं. इंदुबाईने वर्गात मुलं करतात तसा हात वर केला.

ताटं आली. भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा. बाकीचे बोलण्यात होते. तिने पिशवीत हात घातला, रुमाल सोडला, वाटी काढली आणि मला बाहेर घेतलं. पहिल्यांदा ताटाभोवती पाणी फिरवायचं, नैवेद्य दाखवायचा, मग घास. तिने डोळे मिटले.

"आजी, आजी! तो डेकोरेशनचा आहे. हात नाही लावायचा त्याला."

मागे हॉटेलचा मॅनेजर उभा होता. कोटावर 'सुदर्शन' अशी पट्टी. त्याने फळीकडे बोट केलं. ओळीत नेमकी एक जागा मोकळी होती. कुठला तरी लोटा दुरुस्तीला गेला असावा. त्याने मला तिच्या हातातून घेतलं आणि आत डोकावून पाहिलं. "पाणी पण भरलंत? अहो, आतून पॉलिशची पावडर असते याला. पोटात गेलं तर नाव आमचं खराब."



इंदुबाईने आनंदकडे पाहिलं. माझ्या पोटावरचं नाव त्याच क्षणी त्याच्याकडे तोंड करून होतं. दिव्याच्या उजेडात तो खळगा स्पष्ट दिसत होता. आनंदने एवढंच म्हणायला हवं होतं, हा आमचा आहे. तीन शब्द.

आनंद म्हणाला, "सॉरी हां. ठेवा तो, ठेवा."

"पण बाबा, हा तर आपला..."

"सोनू, जेव."

पूर्णिमाने माझ्याकडे बघितलं आणि मान ताटात घातली. रणजितराव मोठ्याने हसले. "विहीणबाईंना आवडला वाटतं! अरे मॅनेजर, इकत देतो का तो? आमच्याकडून भेट!" त्यांना वाटलं, आपण प्रसंग हलका केला. आनंदही हसला. कसा हसला ते मी सांगत नाही.

आता विचार करा, मित्रांनो. 'माझा आहे' एवढं तिला म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण मग तिचा मुलगा सासऱ्यासमोर खोटा पडला असता. म्हणून फळीवरची वस्तू उचलणारी बाई असं चारचौघांत ठरणं तिने पत्करलं, आणि ती सुदर्शनला म्हणाली, "चुकलं बाप्पा माझं."

सुदर्शनने देवापुढचं पाणी शेजारच्या कुंडीत ओतलं. कुंडीतलं झाड प्लॅस्टिकचं होतं. तुळशीचं पान माझ्या आत चिकटून राहिलं. मला त्या मोकळ्या जागेत ठेवून तो निघून गेला.

फळीवरून मला टेबल स्वच्छ दिसत होतं. तिने आधी नुसतीच भाकरी खाल्ली. मग विजयमालांनी आग्रहाने ठेचा वाढला, आणि पहिल्याच घासाला तिला ठसका लागला. ठसका थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पूर्णिमाने हॉटेलचा पेला पुढे केला. "आई, प्या ना!"

इंदुबाईने पेला हातात घेतला. घेऊन थांबली. डोळे मिटले, ओठ हलले. मग प्यायली.

चाळीस वर्षांचा नेम होता. आनंद त्या वेळी मोबाईलवर रणजितरावांचा फोटो काढत होता.

नंतर ती सगळ्यांशी गोड बोलली. केक कापला तेव्हा टाळ्या वाजवल्या. निघताना ती फळीखाली आली, थांबली आणि तिने हात जोडले. फळीच्या वर गणपतीची तसबीर होती. लोकांना वाटलं, तिने गणपतीला नमस्कार केला. केलाही असेल.

मग दिवे मालवले. मी तिथेच राहिलो.

फळीवर राहिलो तेव्हा माझं कौतुक फार झालं बरं का. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढायचे. "अय्या, किती ऑथेंटिक!" म्हणायचे. जेवायला आलेल्या बाईच्या हातात असताना मी लाजेची वस्तू होतो, रिकामा फळीवर बसलो तेव्हा शोभेची झालो. माझ्या शेजाऱ्यांना मी नीट न्याहाळलं. प्रत्येकावर कुणाचं तरी नाव होतं. 'सौ. मुक्ताई'. 'कै. गेनबा यांच्या स्मरणार्थ'. कुणाच्या तरी घरातून ते सगळे निघाले होते, आणि त्यांना न्यायला कुणी आलं नव्हतं.

एके दिवशी वायरमन आला. सुदर्शन म्हणाला, "ही ओळ पण वर टांगायची. सगळ्यांना भोकं पाड." वायरमनने पेन्सिलीने आमच्या बुडांवर फुल्या मारल्या. मला उलटा केल्यावर तो म्हणाला, "साहेब, यावर नाव आहे."

"सगळ्यांवरच असतं. जुन्या बाजारातून येतात ती."

दोन लोट्यांना भोक पडलं. मग ड्रिलचं पातं मोडलं आणि तो नवं आणायला गेला. मला कळून चुकलं, आता माझ्यात पाणी राहणार नाही. कुणाच्याही घरी नेलं तरी राहणार नाही.

त्याच दुपारी दार ढकलून आनंद आत आला. एकटाच होता. हॉटेल रिकामं होतं. तो फळीपाशी उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "तो... तिसरा. तो माझा आहे."

सुदर्शनने त्याला ओळखलं. "त्या दिवशी नव्हता वाटतं?"

सुदर्शनने घाई केली नाही. तो हाताची घडी घालून उभा राहिला.

"त्या दिवशीही माझाच होता," आनंद शेवटी म्हणाला. "मी बोललो नाही. त्यावर माझं नाव आहे."

सुदर्शनने मला खाली काढलं, वाचलं, आनंदकडे पाहिलं. "टिंब केवढं आहे," एवढंच म्हणाला. मग हलक्या आवाजात पुढे म्हणाला, "आजींना सांगा, मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," आनंद म्हणाला.

गाडीत त्याने मला शेजारच्या सीटवर ठेवलं. सिग्नलला थांबला की त्याचं बोट त्या खळग्यावर यायचं. लहानपणी यायचं तसंच, पण आता ते बोट ओलं होतं.

मी नव्हतो तेव्हा घरी काय झालं, ते मला मागाहून सोनूच्या बोलण्यातून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुबाईने पूजा केली आणि स्वयंपाकघरात येऊन साध्या पेल्याने पाणी प्यायली. आनंदने विचारलं, "आई, तुझं पाणी?" तर ती म्हणाली, "तू 'ठेवा' म्हणालास ना, बाबू. ठेवला." टोमणा नव्हता तो. तिला टोमणा मारता येत नाही. म्हणूनच तो आनंदला इतका लागला. मग त्याने विचारलं, हा नेम तू कधीपासून करतेस गं, आणि कशासाठी? इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच विचारलं. तिने कावीळ सांगितली, आणि भाजी निवडायला बसली. आणि सोनू म्हणाली, "बाबा, तुम्ही तर गडव्यावरच वाचायला शिकलात ना? मग त्या दिवशी का नाही वाचता आलं?"

घरी पोचल्यावर आनंदने मला आईपुढे ठेवलं. पाया पडला. तिने मला उचललं, आत बोट घालून वाळलेलं तुळशीचं पान सोडवलं आणि ते कपाळाला लावलं.

"उद्यापासून परत भर, आई," तो म्हणाला.

"नाही रे. नेम मोडला तो मोडला. देवाला मी सांगितलंय, पोराचं मन राखायला मोडला म्हणून. आता परत कशी शब्द देऊ? एकदा दिला, पाळता नाही आला." तिच्या डोळ्यांत राग नव्हता, शरम होती. जणू चूक तिचीच. मित्रांनो, त्या घरात त्या दिवशी प्रत्येकाला लाज वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त तिला वाटत होती, जिने काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला घासणारा हात वेगळा होता. चिंच फार घेतली, घासलं उलटसुलट, पाणी काठोकाठ भरलं. गॅलरीतल्या कुंडीतून तुळशीची अख्खी डहाळीच आली. आनंदने मला देवापुढे ठेवलं आणि ऑफिसला गेला. रोज तसंच चालू राहिलं. इंदुबाई बघायची. आणि पेल्यानेच पाणी प्यायची.

मग एका रविवारी रणजितराव आणि विजयमाला जेवायला आले. पूर्णिमाने पानं मांडली. आनंदने देवापुढून मला उचललं आणि सगळ्यांच्या मधोमध, आईच्या ताटापाशी आणून ठेवलं.

रणजितरावांनी ओळखलंच. "आरं! ह्यो तर त्या हाटेलातला! शेवटी इकत घेतलाच व्हय जावईबापू? विहीणबाई, लेक लई गुणाचा हाय तुमचा."

इंदुबाई पटकन म्हणाली, "हो हो. जेवा ना, भात निवून राहिला." देवापुढे कधी खोटं न बोललेली बाई ती. मुलासाठी पुन्हा एकदा मान खाली घालायला निघाली होती.

"नाही, पप्पा," आनंद म्हणाला. "विकत नाही घेतला. आमचाच आहे हा. त्या दिवशीही आमचाच होता. आईने फळीवरून काही उचललं नव्हतं. ती घरून आपलं पाणी घेऊन आली होती."

रणजितरावांचा घास हातातच राहिला. "मग तवा बोलला का न्हाई?"

"लाज वाटली. तुमच्यासमोर."

पूर्णिमा म्हणाली, "मीही गप्प बसले." रणजितरावांनी घास ताटात ठेवला, आणि त्या मोठ्या आवाजाच्या माणसाने इतक्या हळू आवाजात म्हटलं की मलाच जेमतेम ऐकू आलं, "आणि मी हसलो की वो, विहीणबाई."

इंदुबाईने पदराने डोळे पुसले. मग मला उचललं. हातावर पाणी घेतलं, ताटाभोवती फिरवलं, आणि मान मागे टाकून वरून धार धरली. नेम म्हणून नव्हे. तो मोडला तो मोडलाच. मुलाने भरलेलं पाणी म्हणून प्यायली.

पण हात आता म्हातारा झालाय, आणि डोळे भरलेले. धार चुकली आणि पदर भिजला.

"सांडलं बघ, आई," आनंद म्हणाला.

मित्रांनो, माझ्या बुडावर ती पेन्सिलीची फुली अजून आहे. आनंद रोज घासतो, पण तेवढी जागा सोडून घासतो. माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. जुनं भांडं जपा, चिंचेने घासा, ते तर कराच. पण कधी घरच्यांबरोबर बाहेर जेवायला जाल, आणि तुमची आई, आजी, कुणीही, तिथल्या रीतीत बसणार नाही असं काही करेल, आणि चार डोळे तुमच्याकडे वळतील, तेव्हा पहिल्यांदा म्हणा, ही माझी आहे. तेव्हाच म्हणा. आनंदने नंतर म्हटलं, चारचौघांत म्हटलं, मला घरी आणलं. तरीही इंदुबाईचा नेम परत आला नाही.